वाचता येते, पण उमगते का?

तिसरीच्या वर्गात एक मुलगा पाठ वाचून दाखवीत असतो. आवाज खणखणीत, कोठे अडखळणे नाही. तपासणीसाठी आलेले अधिकारी समाधानाने मान डोलावतात. मात्र बारकाईने पाहिले तर मुलाचे बोट अजून पहिल्याच ओळीवर असते आणि वाणी चौथ्या ओळीपर्यंत जाऊन पोहोचलेली असते. इतरांच्या तोंडून ऐकून ऐकून तो पाठ त्याला मुखोद्गत झालेला असतो. त्याच मुलासमोर त्याने पूर्वी न पाहिलेल्या चार ओळी ठेवल्या, की तोच आवाज अक्षराअक्षराला ठेचकाळू लागतो. महाराष्ट्रातील कोणत्याही अनुभवी शिक्षकाला हे दृश्य अपरिचित नाही.

अर्थ न जाणता केलेल्या पठणाविषयी आपल्या परंपरेने फार पूर्वीच स्पष्ट निर्णय दिला आहे. निरुक्तकार यास्काचार्यांनी वेद मुखोद्गत असूनही त्याचा अर्थ न जाणणाऱ्याला ओझे वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली. पाठांतराचा एवढा मोठा वारसा जपणाऱ्या समाजानेच पाठांतराची मर्यादाही इतक्या परखडपणे सांगून ठेवली होती. आज प्राथमिक शाळांत अक्षरांचे असे ओझे वाहणारी मुले किती आहेत, हा प्रश्न म्हणूनच गांभीर्याने विचारला गेला पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी उपलब्ध आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ हे सर्वेक्षण होत आले आहे. त्याची पद्धत साधी आहे. ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलाच्या हाती एक कागद दिला जातो. त्यावर अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल कोणत्या पायरीपर्यंत पोहोचते, एवढेच पाहायचे. २०२४ च्या पाहणीत ६०५ जिल्ह्यांतील सुमारे साडेसहा लक्ष मुलांपर्यंत कार्यकर्ते पोहोचले. तिसरीतील मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुले देशभरात २७.१ टक्के होती. २०१८ मध्ये हे प्रमाण २७.३ टक्के होते. करोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांपर्यंत घसरले होते. घसरण भरून निघाली, ही समाधानाची बाब खरी. परंतु भरून निघाली ती जुन्या दुखण्यापर्यंतच. पाचवीतही निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही. सर्व शिक्षा अभियानाने आणि शिक्षण हक्क कायद्याने मुले शाळेच्या दारापर्यंत आणली. दारातून आत आल्यावर पुस्तकाचे दार त्यांच्यासाठी उघडले का, याचा शोध मात्र राहून गेला.

वाचनाचा वेग आणि आकलन यांचा संबंध येथे समजून घेतला पाहिजे. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. कोणी, कोठे, कोणासाठी हे सारे मनात धरून ठेवल्यावर अखेरीस काय केले ते कळते. जे मूल प्रत्येक अक्षर जुळवीत पुढे सरकते, ते क्रियापदापाशी येईपर्यंत वाक्याचा आरंभ विसरलेले असते. त्याची बुद्धी कमी नसते. सारी शक्ती अक्षरे जोडण्यात खर्ची पडते आणि अर्थासाठी काही उरत नाही. ओघ आल्याशिवाय अर्थ हाती लागत नाही. मात्र ओघ आला म्हणजे अर्थ लागलाच, असेही नाही. आरंभी पाहिलेला मुलगा याचेच उदाहरण. म्हणून वाचनाच्या चाचणीत दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात: अनोळखी उतारा मूल किती सहजतेने वाचते आणि वाचून झाल्यावर त्यावरच्या दोन-तीन प्रश्नांना स्वतःच्या शब्दांत काय उत्तर देते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये पायाभूत साक्षरतेला अग्रक्रम दिला आणि ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. तिसरीअखेर मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे त्यात अपेक्षिले आहे. उद्दिष्ट स्वागतार्ह आहे; पण प्रत्येक भाषेचा शब्द सारखा नसतो, हे विसरून चालणार नाही. इंग्रजीत ‘फ्रॉम द हाऊस’ हे तीन शब्द होतात, मराठीत ‘घरातून’ हा एकच. ‘आजोबांबरोबरच्या’ हा शब्द वाचणाऱ्या मुलाने किती मजल मारली, हे शब्दांच्या संख्येवरून कसे कळणार? लिपीचेही तसेच. ‘कि’ मधली वेलांटी लिहिली जाते आधी, उच्चारली जाते नंतर. ‘धर्म’ या शब्दात ‘र’ उच्चारला जातो ‘म’च्या आधी आणि बसतो मात्र ‘म’च्या डोक्यावर. ‘कर्म’, ‘क्रम’, ‘ट्रक’ आणि ‘कोऱ्या’ या चार शब्दांत एकच ‘र’ चार रूपे घेतो. मूल नेमके कोठे अडते हे या भाषेच्या अंगानेच शोधावे लागेल. ‘एनसीईआरटी’ने मार्च २०२२ मध्ये तिसरीच्या सुमारे ८६ हजार मुलांची, प्रत्येकाला समोर बसवून, २० भाषांत पाहणी केली आणि भाषेगणिक वेगळी मानके ठरविली. ही दिशा योग्य आहे. ती दिल्लीच्या अहवालातून वर्गाच्या फळ्यापर्यंत आली पाहिजे.

खरी अडचण येते ती येथेच. चाचणी वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखी असते. रुग्णाला दोष देण्यासाठी कोणी नाडी पाहत नाही. परंतु आकडा वरिष्ठ कार्यालयाकडे जाणार, त्यावरून शाळेची प्रतवारी होणार, असे म्हटले की नाडीपेक्षा कागद महत्त्वाचा ठरतो. जून २०१५ मध्ये महाराष्ट्रात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. एकही मूल मागे राहू नये, हा त्याचा हेतू उदात्त होता आणि अनेक शिक्षकांनी त्यात जीव ओतून काम केले. तथापि शंभर टक्क्यांचे उद्दिष्ट आणि त्याचा अहवाल एकाच हाती दिला, की न वाचणारे मूल प्रथम तक्त्यातून नाहीसे होते. जे मूल कागदावर वाचते झाले, त्याला शिकवायला पुन्हा कोण येणार? कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना दिली. पण पाचवीत कळून उपयोग काय? दुसरीत जी गाठ बोटाने सुटली असती, ती तोवर दातांनीही सुटत नाही.

मग करावे काय? वर्षातून तीन वेळा शिक्षकाने प्रत्येक मुलाला शेजारी बसवून वाचते करावे. एका मुलाला पाच मिनिटे धरली तर ३० मुलांचा वर्ग अडीच तासांत होतो. म्हणजे आठवडाभर रोज अर्धा तास. नोंद शिक्षकाच्या वहीत राहावी आणि तिचा परिणाम दुसऱ्याच दिवशीच्या शिकवण्यात दिसावा. जोडाक्षरापाशी अडणाऱ्यांचा एक गट, सपाट वाचून अर्थ हरवणाऱ्यांचा दुसरा. ‘बालसखी’ उपक्रमात मुंबई आणि बडोद्यातील शाळांत मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वस्तीतील एका शिकलेल्या तरुणीने वेगळे बसवून त्यांच्या पातळीचे शिकविले. त्याचा लाभ अर्थशास्त्रज्ञांनी मोजून दाखविला. त्यांतील अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो पुढे २०१९ च्या नोबेलचे मानकरी ठरले. चार इयत्ता आणि दोन शिक्षक असलेल्या आपल्या वाडीवस्तीवरील शाळांना तर इयत्तेच्या भिंती ओलांडणे मुळीच नवे नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी मात्र पाळाव्या लागतील. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंड किंवा नंदुरबारमधील भिल्ल मूल मराठी वाचताना अडखळते, तेव्हा ते वाचनात मागे असते की आपण त्याला अनोळखी भाषेत तपासत असतो? कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांच्या अंगणातून शिक्षणाला आरंभ केला, त्यामागचे शहाणपण हेच होते. दुसरे म्हणजे, चाचणी म्हणजे निदान नव्हे. नीट शिकवूनही जे मूल अडतच राहते, त्याची दृष्टी आणि श्रवण आधी तपासावे. नंतर अध्ययन-अक्षमतेचा विचार तज्ज्ञांनी करावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलांना संरक्षण दिले आहे. ‘ढ’ हा शिक्का मात्र कोणत्याही कायद्यात बसत नाही.

पालकांसाठी तर हे काम त्याहून सोपे आहे. रात्री जेवणे झाल्यावर मुलाच्या हाती पाठ्यपुस्तकाबाहेरचे एखादे पान द्यावे, ते वाचू द्यावे आणि एवढेच विचारावे, “बाळा, काय झालं रे यात?” उत्तर आले तर कौतुक करावे. नाही आले, तर रागावू नये. शेजारी बसून तेच पान पुन्हा एकदा, दोघांनी मिळून वाचावे.