आमचा पत्ता ‘अवैध’ का?

१९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. जैनथ, बेला परिसरातली आम्ही मराठी मंडळी अलीकडे राहिलो. शाळेत मराठी, बाजारात तेलुगू, अर्जावर इंग्रजी अशी आमची त्रिस्थळी यात्रा तेव्हापासून चालू आहे. त्याबद्दल रडगाणे नाही. तेलुगू ही शेजाऱ्याची भाषा आहे आणि ती आमच्या मुलांना आलीच पाहिजे. माझे भांडण निराळे आहे.

संगणकाच्या जाळ्यावरचा पत्ता देवनागरीत असू शकतो, हे किती जणांना ठाऊक आहे? २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘डॉट भारत’ हे क्षेत्रनाम देवनागरीत खुले झाले. ते मराठीसाठीही आहे. तेलुगू लिपीतही तसे क्षेत्रनाम आहे. मग अडले कुठे?

आमच्या शाळेचा असा पत्ता मी एका कार्यालयाच्या ऑनलाइन अर्जात भरला. लाल अक्षरांत उत्तर आले : ‘अवैध’. तिथला तेलुगूभाषक कारकून सौजन्याने म्हणाला, “सर, इंग्रजी अक्षरे टाका.” त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याच्या तेलुगू पत्त्यालाही तो अर्ज हेच उत्तर देणार!

तंत्राची सबब सांगणाऱ्यांनी एवढे ऐकावे. जाळ्याची मूळ यंत्रणा रोमन अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढेच ओळखते, हे खरे. पण देवनागरी नावाचे तशा चिन्हांत रूपांतर करण्याची रीत २००३ सालीच ठरली. ते काम पडद्याआड होते. वाचणाऱ्याला देवनागरीच दिसते. ई-मेलच्या पत्त्यात अन्य लिप्या चालवण्याचे नियम २०१२ साली आले, आणि २०१४ साली जीमेलने असे पत्ते स्वीकारायला प्रारंभ केला. म्हणजे रस्ता झाला, पूल झाला; फक्त नाक्यावरचा शिपाई अडवतो आहे. हा शिपाई म्हणजे अर्ज तयार करणाऱ्याने घातलेली अट : पत्त्यात ‘ए’ ते ‘झेड’ एवढीच अक्षरे चालतील. ही अट निसर्गनियम नव्हे. माणसाने लिहिली, माणूस बदलू शकतो.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. रशियन लिपीतली काही अक्षरे रोमनसारखी दिसतात, त्याचा गैरफायदा घेतला जातो, हे मान्य. त्यासाठी एका नावात लिप्यांची सरमिसळ रोखण्याचे नियम आहेत. आणि रोमनमधला ‘ओ’ व शून्य यांच्या सारखेपणाने लोक फसतात, म्हणून रोमन लिपी कोणी बंद केली काय?

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला : “इंग्रजी अक्षरे सगळ्यांना येतात, मग हा खटाटोप कशाला?” सगळ्यांना? पोथी घडाघडा वाचणाऱ्या आमच्या आजीबाईंना येतात? आणि ज्यांना येतात, त्यांनी काळे, काले आणि कळे ही तीन नावे रोमनमध्ये वेगवेगळी लिहून दाखवावीत. तिन्हींचे तेच चार अक्षरी कडबोळे होते. ‘ळ’ गेला की आडनाव गेले, गावही गेले.

मराठी विकिपीडियावरील ‘आदिलाबाद’ या लेखाचा दुवा कुणाला पाठवून पाहा. पुष्कळदा त्या आठ चिन्हांच्या नावाच्या जागी टक्के, आकडे आणि रोमन अक्षरे मिळून बहात्तर चिन्हांची माळ उमटते. नातवाने पाठवलेला असा दुवा आजोबांनी कशाच्या आधारे ओळखावा?

वाचकहो, मागणी केल्याशिवाय काही मिळत नाही, हे सीमाभागाला कुणी शिकवायला नको. शाळा, ग्रंथालये आणि मंडळे यांनी देवनागरी पत्ते घ्यावेत. अर्जाने नाकारले, तर तिथल्या तिथे लेखी तक्रार द्यावी. तेलुगू शेजाऱ्यालाही बरोबर घ्यावे. हे दुखणे दोघांचे एकच आहे. मुकाट्याने रोमन अक्षरे टाकून मोकळे होणाऱ्यांची संख्या वाढत राहिली, तर “मागणीच नाही” असे म्हणायला अधिकारी मोकळे. ती सोय आपण त्यांना का करून द्यावी?