संकेतस्थळाची खरी परीक्षा

संकेतस्थळें रचूं लागलेल्या विद्यार्थ्यांची सामान्य समजूत अशी कीं, आपल्या संगणकावर पान नीट दिसलें म्हणजे कार्य सिद्धीस गेलें. ही समजूत आम्हांस घातक वाटते.

एकच पान एकाच ब्राउझरच्या दोन आवृत्त्यांत भिन्न दिसूं शकतें. इंटरनेट एक्सप्लोररचें उदाहरण घ्या. चौकटीची रुंदी २०० पिक्सेल लिहून आंत दोन्ही बाजूंस २०-२० मोकळे सोडले, तर पांचव्या आवृत्तींत चौकट २००च भरे. २००१ सालच्या सहाव्या आवृत्तींत, पानाच्या शिरोभागीं प्रमाण नियमांची घोषणा असल्यास, तीच २४० होई व शेजारचा मजकूर खालीं ढकलला जाई. दोन्ही आवृत्त्या उघडून पाहिल्यावांचून हा दोष ध्यानीं कसा यावा?

कोणी म्हणेल, लोकांनीं नवी आवृत्ति घ्यावी. परंतु तें नेहमीं त्यांच्या हातीं असतें काय? २०११ सालची नववी आवृत्ति विंडोज एक्सपीवर चालतच नसे. पुढें १५ जून २०२२ रोजीं मायक्रोसॉफ्टनें त्या ब्राउझरास बहुतेक ठिकाणीं निरोप दिला. तथापि जुन्या मोबाइलवर नवी आवृत्ति चढत नाहीं, ही अडचण आजहि उरलीच आहे.

सर्वत्र सारखीच शोभा दिसावी, असा आमचा आग्रह नाहीं. अर्ज भरतां यावा, बटण दाबतां यावें, एवढें मात्र सर्वांस लाभलें पाहिजे. म्हणून विद्यार्थ्यांनीं घरांतील सर्वांत जुना मोबाइल मागून घ्यावा व त्यावर आपलें पान अखेरपर्यंत चालवून पाहावें. पालकांनींहि तो आनंदानें द्यावा. ज्याचें यंत्र जुनें, त्याचें काम कमी महत्त्वाचें नव्हे.