थांबण्याची तालीम

हिवाळी निसर्गशिबिरांचा हंगाम आता तोंडावर आला आहे, आणि थोड्याच दिवसांत पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी या नागझिऱ्याच्या वेशीवरील गावांत नागपूर-पुण्याकडची मुले पाठीवर पडशी घेऊन उतरू लागतील. या शिबिरांचे चालक, शिक्षक आणि बालवीर-पथकांचे नायक हाच आमचा वाचकवर्ग असल्यामुळे हंगामाच्या आरंभी एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते. तंबू उभारणे, गाठी मारणे, दोरीच्या पुलावरून जाणे आणि रात्री शेकोटीभोवती गाणी म्हणणे यांना दिवसच्या दिवस द्यावेत, आणि सुरक्षिततेला मात्र पहिल्या दिवशी जेवणानंतरचा, मुलांच्या पापण्या जड झालेल्या वेळचा अर्धा तास, तोही व्याख्यानाचा, हा जो शिरस्ता पडला आहे, तो दहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत मुळातच उलटा आहे. सहा-सात वर्षांचे मूल घाबरले म्हणजे ऐकलेले सारे विसरते. जे अंगवळणी पडले असेल तेवढेच त्याच्या हातून घडते.

बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर भरविले ते थोराड मुलांचे होते. धाकट्यांसाठी १९१६ साली निराळी योजना निघाली आणि तिला किपलिंगच्या ‘जंगल बुक’चा आधार घेण्यात आला. त्या कथेतले अरण्य म्हणजे बालाघाटच्या पलीकडचे, आपल्या शेजारचे शिवनीचे रान, हे गोंदियाच्या मुलांना आवर्जून सांगावे. मोठ्यांचा अभ्यासक्रम आखडून लहानांच्या हाती न देता त्यांच्या वयाला साजेल असा स्वतंत्र पाठ द्यावा, हे त्या योजनेचे मर्म होते.

अरण्यात असा पहिला पाठ आमच्या मते एकच: वाट चुकली की थांबायचे. हरवलेले मूल चालत राहिले म्हणजे शोधाचे क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जे एक किलोमीटरच्या आत असावयाचे ते दोन किलोमीटरपर्यंत गेले असण्याचा संभव निर्माण झाला की शोधणाऱ्यांना चौपट रान तुडवावे लागते. १९८१ साली कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावर नऊ वर्षांचा एक मुलगा हरवून मरण पावला, तेव्हा त्याच्या शोधात हिंडलेल्या माणसांनीच पुढे ‘झाडाला मिठी मार’ या नावाचा पाठ मुलांसाठी तयार केला. एका झाडाला धरून राहिलेले मूल लवकर सापडते, एवढेच त्याचे सार आहे.

परंतु वाघ, अस्वल आणि रानगवा यांच्या मुलखात, १९७० साली अभयारण्य आणि २०१३ साली व्याघ्रप्रकल्पाचा भाग झालेल्या या रानालगत, मुलाला झाडाखाली बसवायचे काय, अशी शंका कोणी घेईल, आणि ती रास्तही आहे. तिचे उत्तर असे की अस्वल बहुधा अवचित समोर आलेल्या माणसावरच चाल करते, आणि झुडपांतून सैरावैरा धावणारे मूल नेमके तसेच समोर येते. एका जागी बसून शिट्टी वाजविणारे मूल आपली चाहूल दुरूनच देते. मात्र झाड कोणते, हेही शिकविले पाहिजे. ज्यावर आग्यामोहळ लटकले आहे ते झाड नको, पाणवठ्याच्या पायवाटेवरचे नको, आणि फाल्गुन-चैत्रात मोहाचे तर नकोच, कारण पहाटे फुले वेचण्यास अस्वल तेथेच येते.

ही तालीम गावठाणालगत, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, प्रत्यक्ष करून घ्यावी. मुलाच्या गळ्यात शिट्टी असावी, त्याने सागाच्या बुंध्याशी पाठ टेकून बसावे, आणि शिक्षकाने प्रथम दोन मिनिटे, मग पाच, मग दहा मिनिटे त्याच्या दृष्टीआड, पण स्वतःची दृष्टी त्याच्यावर ठेवून, उभे राहावे. वाळलेल्या सागाच्या पानांत काही खसखसले की मुलाचा चेहरा उतरतो. तेवढा एक आवाज त्याला अस्वलाएवढा वाटतो. शिक्षकाने त्या क्षणी धावत जाऊन धीर देऊ नये. मूल तीनदा शिट्टी वाजवील, मग जावे, आणि दोघांनी मिळून त्या आवाजाकडे पाहावे. पाने उलटीपालटी करून किडे टिपणारा सातभाईंचा थवा दिसला की जी समजूत त्या मुलाच्या मनात ठसते, ती कोणत्याही भाषणाने ठसणार नाही.

याला जोडून आणखी एक बाब आहे आणि तिच्याकडे फारच दुर्लक्ष होते. हरवलेली मुले पुष्कळदा शोधणाऱ्यांपासूनच लपतात. अनोळखी माणसाशी बोलू नये ही घरची ताकीद त्यांना आठवते, किंवा आता मार बसेल असे वाटते. येथे शोधावयास येणार ते खाकी गणवेशातले वनरक्षक आणि खांद्यावर कुऱ्हाड टाकलेले गोंड शेतकरी. म्हणून पहिल्याच सायंकाळी या माणसांना शिबिरात बोलवावे, मुलांना त्यांच्या पंगतीत जेवू घालावे, त्यांची हाक ऐकवावी. आणि हरवल्याबद्दल कोणालाही शिक्षा होणार नाही, असे सर्वांदेखत वचन द्यावे.

रात्रीच्या बंदोबस्ताविषयी थोडक्यात लिहितो. मण्यार जमिनीवर निजलेल्या माणसाला रात्री चावते आणि तो दंश कित्येकदा कळतही नाही. तेव्हा मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचणे आणि सकाळी बूट झटकून घालणे, हे मुलांनी स्वहस्ते रोज करावे. मच्छरदाणी हिवतापापासूनही रक्षण करते. दंशाचा नुसता संशय आला तरी आवळून बांधणे, चिरणे, चोखणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ न दवडता तो अवयव न हलविता १०८ क्रमांकाच्या वाहनाने प्रतिसर्पविष असलेले रुग्णालय गाठावे, आणि ते रुग्णालय कोणते याची चौकशी शिबिरापूर्वीच झालेली असावी.

सिकलसेलविषयी मात्र विस्ताराने बोलल्यावाचून राहवत नाही, कारण पूर्व विदर्भात हा आजार पुष्कळ कुटुंबांत आहे आणि शिबिरांच्या प्रवेशपत्रिकेत त्याचा उल्लेखही नसतो. अशा मुलाला पाणी कमी पडले, थंडी बाधली किंवा दमछाक झाली की असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. पहाटे गार पाण्याने सर्वांना आंघोळ घालण्यात जे शिबिरचालक शिस्त पाहतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. पालकांना एकांतात विचारावे, मुलाला चारचौघांत वेगळे काढू नये, आणि चालताना ठरावीक वेळाने पाणी पिण्याचा नियम सर्वांनाच लावावा, म्हणजे त्या मुलाला आपण निराळे आहोत असे वाटणार नाही.

उरली शेकोटी. अभयारण्यात धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटविण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये मनाई आहे, हे सर्वश्रुत आहे. पण हद्दीबाहेरही दहा वर्षांखालील मुलांच्या हाती काडेपेटी देण्याची घाई का व्हावी, हे आम्हांस समजत नाही. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात वणवा विझविताना तीन वनमजूर मृत्युमुखी पडले. ज्या गावांच्या अंगणात आपण शेकोट्या पेटवितो, त्याच गावांतली माणसे वणवा विझवावयास धावतात. लहान मुलांना विस्तव विझविणे आधी शिकवावे: पाणी ओतणे, राख ढवळणे, पुन्हा पाणी ओतणे, आणि हाताचा पालथा तळवा राखेवर धरून ऊब उरली नाही अशी खात्री करून घेणे. पेटविण्याचे काम थोरांकडेच असू द्यावे. या हंगामाच्या कार्यक्रमपत्रिका अद्याप छापखान्यात गेल्या नसतील, तर त्यांत पहिल्या दिवसाची सकाळ थांबण्याच्या तालमीसाठी राखून ठेवावी, अशी आमची सर्व शिबिरचालकांस आग्रहाची विनंती आहे.