वायफाय आणि पंगतीचा न्याय

एकत्र कुटुंबांत रात्रीचे आठ वाजले कीं वायफायवर जणूं यात्रा भरते. कोणी चित्रपट पाहतो, कोणी खेळ उतरवून घेतो, कोणाच्या मोबाइलमधील छायाचित्रें आपोआप दूर कोठें तरी साठविलीं जातात. आणि त्याच वेळीं जळगांवच्या आजीबाई धुळ्याच्या लेकीशीं बोलत असतात. चित्रपट सुरळीत चालतो, बोलणें मात्र तुटतें. यावर घरोघर एकच उपाय सुचविला जातो : अधिक पैसे भरून अधिक वेग घ्यावा. आमच्या मतें वेग वाढविण्यापूर्वीं क्रम लावून पाहावा.

वायफायवरून सर्व मजकूर लहान लहान पुडक्यांनीं जातो. त्यांस पॅकेट म्हणतात. घरांतील उपकरणें अनेक, पण मार्ग एक. म्हणून प्रत्येकानें मार्ग मोकळा आहे कीं नाहीं तें आधीं ऐकावें, थोडें थांबावें, मग आपलें पुडकें पाठवावें, असा नियम आहे. चित्रपटाचा पुढचा भाग आधींच साठविलेला असल्यामुळें त्याला थोडा उशीर खपतो. संभाषणाचें तसें नाहीं. आवाजाचें पुडकें बहुधा दर २० मिलिसेकंदांनीं निघतें. वेळ टळल्यावर तें पोहोंचून उपयोग नसतो.

याकरितां २००५ सालीं ८०२.११ई हें मानक मान्य झालें. त्यावर आधारलेली सोय अॅक्सेस पॉइंटमध्यें ‘डब्ल्यूएमएम’ या नांवानें आढळते. तिचे वर्ग चार : आवाज, चलच्चित्र, सामान्य काम आणि मागें चालणारें काम. भेद सारा थांबण्याचा. पहिल्या प्रयत्नीं आवाजानें ० ते ३ यांपैकीं चिठ्ठींत येईल तितके क्षणांश थांबावें, इतर सामान्य कामांनीं ० ते १५. मालगाडी बाजूच्या रुळावर उभी करून मेलला वाट देणें जळगांव-भुसावळच्या वाचकांना नवें नाहीं. हा प्रकार त्यांतलाच.

आतां प्रत्यक्ष कृति. डब्ल्यूएमएम बंद करूं नये. बंद केल्यास उपकरणांचा वेग जुन्या ५४ मेगाबिटच्या मर्यादेंत येतो. राउटरच्या ‘क्यूओएस’ या भागांत, मोजून आलेल्या वेगाच्या सुमारें ८५ ते ९० टक्के मर्यादा घालावी. रांग आपल्या दारांत लागली तरच तिच्यावर आपला अधिकार चालतो. बाहेर लागलेल्या रांगेवर चालत नाहीं. शिवाय बाहेरून येणाऱ्या पुडक्यांवरची वर्गाची खूण वाटेंत पुष्कळदां पुसली जाते. म्हणून महत्त्वाचीं बोलणीं ज्या उपकरणावरून होतात, त्याचें नांव अग्रक्रमांत नोंदवावें.

खरी अडचण येथेंच आहे. प्रत्येकाला आपलेंच नांव वर हवें असतें, आणि सर्वांना पहिला मान दिला म्हणजे तो कोणालाच दिला नाहीं. मग निवड कशी करावी? वडीलकीप्रमाणें करूं नये, असें आम्ही स्वतः वडील असून म्हणतों. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत नवविवाहिता, कुमारिका, रोगी व गर्भिणी यांना अतिथीच्याही आधीं, मनांत किंतु न आणतां, जेवूं घालावें असें सांगितलें आहे. मान मोठा खरा, पण गरज त्याहून मोठी. आजोबांचें कीर्तन अर्धा तास थांबूं शकतें. सुनेची कचेरीची बैठक थांबत नाहीं. ई-संजीवनीवरून डॉक्टर रुग्णाची विचारपूस करीत असतां एक शब्द गळला तरी औषधाच्या मात्रेंत घोंटाळा व्हावयाचा.

तेव्हां राउटरचा परवलीचा शब्द एखाद्या जाणत्या मुलाकडे असावा, पण क्रम सर्वांनीं एकत्र बसून ठरवावा, व परीक्षा, आजारपण, नवी नोकरी येईल तसा तो बदलावा. क्यूओएसनें मार्ग रुंद होत नाहीं. कोणी थांबावयाचें एवढेंच ठरतें. इतकें करूनही बोलणें तुटत असेल, तर खुशाल अधिक वेग घ्यावा.