मुगाएवढी पुळी, डोंगराएवढी लाज



मारहाण, पोटगी, सातबाऱ्यावर बाईचे नाव हे आपल्या अंकाचे नेहमीचे विषय. या वेळी मी मुगाच्या दाण्याएवढ्या विषयावर लिहिते आहे. जांघेत किंवा मायांगावर केसांच्या मुळाशी येणारी लाल, दुखरी पुळी. आपल्याकडे तिला केसतूड म्हणतात. पाठीवर केसतूड आले तर बाई जावेला दाखवते, घरभर सांगते. तेच 'तिथे' आले की ती पुळी राहत नाही, गुप्तरोग होतो.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मी बचतगटांची आणि किशोरींची आरोग्य शिबिरे घेते. पाळीवर, अंगावरून पांढरे जाण्यावर बाया आता बोलू लागल्या आहेत. ही पुळी मात्र शिबिर संपल्यावर, चपला घालताना, दारात बाहेर येते. "ताई, बारीक फोड आल्यात. गरमी तर नसंल?"

बहुतेक वेळा नसते. कपड्याच्या घर्षणाने, घामाने किंवा केस काढताना केसाचे मूळ दुखावते. त्वचेवरचेच जंतू आत शिरतात आणि पुळी येते. कधी कापलेला केस वाकून कातडीतच वाढतो, त्याचीही गाठ होते. यात पाप नाही, चारित्र्याचा प्रश्न नाही.

कारणे शोधायची तर बाईच्या दिवसाकडे पाहावे लागते. वाळवा-कराडच्या ऊसपट्ट्यात तोडणीला आलेली बाई पहाटेपासून फडात असते. घामाने भिजलेला परकर दिवसभर जांघेला घासतो आणि कोपीपाशी अंघोळीला आडोसा नसतो. माण-खटाव, जत-आटपाडीत ज्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या उन्हाळ्यात बाईच्या अंग धुण्याचे पाणी सर्वांत आधी कमी होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या किती बायांनी ओली लुगडी अंगावरच वाळवली! अशा बाईला 'स्वच्छता राखा' एवढेच सांगणारे भित्तिपत्रक तिचा दोष तेवढा वाढवते. पाणी आणि आडोसा कोणी द्यायचा, हे त्यावर लिहिलेले नसते.

दुसरे कारण नवे आहे. केस म्हणजे घाण, असे जाहिराती आपल्या मुलींना शिकवत आहेत. कॉलेजच्या मुली भावाचे जुने ब्लेड चोरून, कोरड्या कातडीवर फिरवतात, आणि मग पुळ्या आल्या की घाबरून गप्प बसतात. केस ही घाण नाही. ते नाजूक कातडीला घर्षणापासून जपतात. ठेवायचे की काढायचे हे जिचे तिने ठरवावे. काढायचेच तर कात्रीने आखूड करणे सर्वांत सुरक्षित. ब्लेड वापरायचे असेल तर ते स्वतःचे आणि नवे हवे, कातडी ओली हवी, हात केसाच्या दिशेने फिरायला हवा.

बाळंतपणात तर हा निर्णयही बाईचा राहत नाही. कळा देणाऱ्या बाईचे केस न विचारता भादरण्याची रीत अनेक दवाखान्यांत वर्षानुवर्षे चालत आली. त्याने जंतुसंसर्ग टळतो, असा समज. हा समज तपासणारा पहिला अभ्यास १९२२ सालचा आहे! तेव्हापासून झालेल्या तुलनांत फायदा दिसला नाही. केस परत येतानाची आग आणि खाज मात्र बाईच्या वाट्याला येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत, बाळंतपणापूर्वी सरसकट केस काढू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या गावच्या आशाताईपासून सिव्हिलच्या नर्सपर्यंत हे पोचवणे आपले काम आहे.

पण पुळीपेक्षा जास्त जखम करतो तो संशय. 'कुठून आणलंस हे?' हा नवऱ्याचा एक प्रश्न बाईला माहेरी पाठवायला पुरतो. कासेगावच्या इंदुताई पाटणकरांसारख्यांनी या भागात परित्यक्तांचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. बाईला टाकायला किती क्षुल्लक निमित्त लागते, हे आपण तेव्हापासून ऐकत आलो आहोत. म्हणून बाई पुळी लपवते आणि मेडिकलच्या दुकानातून गुपचूप ट्यूब मागवते. त्या ट्यूबमध्ये बरेचदा स्टेरॉइड असते. दोन दिवस आग थांबते, मग कातडी पातळ होते, बुरशी पसरते. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, पण चिठ्ठी मागणारा दुकानदार विरळाच.

हे दुखणे लपवणे नवे नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि त्यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

या बाबतीत आपल्याला शिकवू शकतील अशा बाया सांगलीतच आहेत. १९९२ पासून 'संग्राम'च्या कामातून आणि १९९६ पासून 'वेश्या अन्याय मुक्ती परिषदे'तून धंद्यातल्या बायांनी एकमेकींना आपले शरीर ओळखायला, निरोध मागायला आणि दवाखान्यात मान खाली न घालता बोलायला शिकवले. घरंदाज म्हणवणाऱ्या आपण ते अजून शिकतो आहोत!

तेव्हा प्रत्येक गटात एवढे सांगाच. पुळी पिळू नका, सुईने फोडू नका. स्वच्छ फडके कोमट पाण्यात भिजवून दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे शेका. सैल सुती कपडे घाला, काही दिवस ब्लेड आणि केस काढायची क्रीम बंद ठेवा. आठवड्याभरात उतार नाही, गाठ मोठी होते आहे, ताप आला, पुन्हापुन्हा त्याच जागी गळू येते किंवा मधुमेह आहे, तर डॉक्टरकडे जा. पाण्याने भरलेले दुखरे फोड, न दुखणारा व्रण, कोंबासारखे मस हे केसतूड नव्हे. रात्री घरातल्या सगळ्यांनाच खाज सुटत असेल तर ती खरूज असू शकते. लैंगिक आजाराची शंका आली तर जिल्हा रुग्णालयातल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये मोफत उपचार मिळतात. मात्र नवऱ्यालाही बरोबर न्या. औषध एकटीने घेऊन भागत नाही.

आणि गटांनी मागायचे ते हे: तपासणीला पडदा आणि बाई डॉक्टर, ऊसतोडीच्या तळावर न्हाणीघर, बाळंतिणीचे केस काढण्यापूर्वी तिची परवानगी.

पुढच्या बैठकीत हा विषय शेवटी, दारात नको. सुरुवातीलाच घ्या, आणि नाव घेऊन बोला.