‘प्रेमापोटी’ या शब्दाचा हिशेब

स्विंग नृत्याच्या स्वयंसेवी महोत्सवांविषयी बोलताना ‘प्रेमापोटी’ हा शब्द हमखास येतो, आणि तो आला की पुढची चर्चाच खुंटते. अमेरिकेतील एखाद्या लहान शहरात शनिवार-रविवारी भरणारा असा महोत्सव घ्या. दारावर तिकिटे पाहणारे, बाहेरगावच्या नर्तकांना घरी उतरवून घेणारे, मध्यरात्रीनंतर सभागृह झाडणारे सारे स्थानिक हौशी. काही तास राबावे आणि मोबदल्यात मोफत प्रवेश मिळवावा, हा रिवाज. त्यात गैर काही नाही. लहान गावाला दुसरा मार्गही नसतो. आक्षेप आहे तो या सोयीला नैतिक उंची बहाल करणाऱ्या भाषेवर.

लिंडी हॉप जन्मले न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, १९२०च्या दशकात. त्याचे माहेरघर असलेले सव्हॉय बॉलरूम (१९२६ ते १९५८) हे काही सेवाभावी मंडळ नव्हते. तिथे तिकीट होते, चिक वेबसारखे वादक त्यावर पोट भरत, आणि कृष्णवर्णीय व गोरे एकत्र नाचत. तिथल्याच नर्तकांना हर्बर्ट व्हाइटने रंगमंचावर आणि पडद्यावर नेले. मोबदला मात्र तुटपुंजा दिला. १९४१च्या ‘हेल्झापॉपिन’ चित्रपटातील फ्रँकी मॅनिंग, नॉर्मा मिलर आणि त्यांच्या साथीदारांचा नाच आजही नवशिक्यांना आदर्श म्हणून दाखवतात. पडद्यावर ते नोकरचाकरांच्या वेशात आहेत! पुढे मॅनिंगने जवळपास तीन दशके टपाल खात्यात नोकरी केली. त्याचे नृत्यावरील प्रेम कमी पडले होते काय?

म्हणून संयोजक जेव्हा वादकांनाही ‘आपल्याच माणसांसाठी’ कमी पैशांत वाजवण्याची गळ घालतात, तेव्हा दोन भिन्न श्रमांची सरमिसळ होते. हौसेने खुर्च्या मांडणारा सोमवारी आपल्या पगाराच्या नोकरीवर परततो. ट्रम्पेट वाजवणाऱ्याची तीच नोकरी असते. (व्याख्यात्याला शाल-श्रीफळ देऊन वाटेला लावणाऱ्या आपल्या साहित्यसंस्थांना हा युक्तिवाद अपरिचित नसावा.)

तिकीट वाढेल, विद्यार्थी येणार नाहीत, असे यावर सांगितले जाते. परंतु विद्यार्थ्यांसाठी तर कामाच्या बदल्यात प्रवेशाची सोय आहेच. अंदाजपत्रकाची पहिली ओळ वादकांच्या आणि शिक्षकांच्या मानधनाची असावी. ती भरत नसेल तर वाद्यवृंद एकच रात्र बोलवावा आणि दुसऱ्या रात्री ध्वनिमुद्रिकांवर नाचावे.