पहिल्या अर्जाचे काय झाले?

सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातील तरुण महिला वैद्यकीय अधिकाऱ्याने २३ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री आयुष्य संपवले. एका पोलीस उपनिरीक्षकाने आपल्यावर वारंवार बलात्कार केला आणि आणखी एकाने मानसिक छळ केला, असे ती तळहातावर लिहून गेली. त्या मजकुराची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी राज्यभरातल्या मोबाइलवर फिरली. उपनिरीक्षक निलंबित झाला, दोन्ही आरोपींना अटक झाली, निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले, गावोगावी मेणबत्त्या पेटल्या. तिचे नाव आम्ही छापत नाही. कायदा ती परवानगी देत नाही आणि देऊही नये. आरोपींचा दोष न्यायालय ठरवेल. पण ज्यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहायची गरज नाही असा एक प्रश्न शिल्लक आहे, आणि तो विचारणे हे सातारा-सांगलीतल्या प्रत्येक माणसाचे काम आहे.

तळहातावर लिहिण्याच्या चार महिने आधी तिने कागदावर लिहिले होते. जून २०२५ मध्ये तिने फलटणच्या पोलीस उपअधीक्षकांकडे लेखी अर्ज केला. वैद्यकीय तपासणीसाठी आणलेल्या आरोपींना ‘फिट’ दाखवा म्हणून पोलीस दबाव आणतात, अपमानास्पद बोलतात, अशी तिची तक्रार होती. पुढे तळहातावर ज्याचे नाव आले, त्या उपनिरीक्षकाचे नाव प्रसिद्ध झालेल्या या अर्जातही आहे. उलट पोलिसांनी तिच्याविरुद्ध तक्रार केली, ती सहकार्य करत नाही म्हणून. चौकशी लागली ती तिची. त्या चौकशीत तिने आपले म्हणणे सविस्तर लिहून दिले आणि एका खासदाराच्या स्वीय सहायकांनी आपले फोनवर बोलणे करून दिल्याचेही त्यात नमूद केले. म्हणजे ही बाई गप्प बसलेली नव्हती. तिने नियमाप्रमाणे, वरिष्ठांकडे, सही करून, तारीख घालून लिहिले. एवढे करूनही तिला ऐकणारा कोणी भेटला नाही. शिकलेल्या, सरकारी पदावरच्या, शवविच्छेदनाच्या अहवालावर सही करणाऱ्या डॉक्टरची ही गत असेल, तर तिच्याच रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसलेल्या ऊसतोड मजुराच्या बायकोने कुणाकडे जायचे?

लोक आज संतापलेले आहेत त्याहून अधिक थकलेले आहेत. बातमी येते, दोन दिवस गदारोळ होतो, पुढारी येतात, सांत्वन करतात, कॅमेरे परत जातात, आणि तिसऱ्या आठवड्यात चहाच्या टपरीवर एखादा म्हातारा सांगतो की याचेही काही होणार नाही. हे बोल उदासीनतेतून येत नाहीत. आयुष्यभर पाहिलेल्या गोष्टींवरून तो बोलतो आहे. त्याला दोष देण्याचा अधिकार ज्यांनी त्याला हे पाहायला लावले त्यांना तरी नाही.

या दोन जिल्ह्यांत सत्ता कशी चालते हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. एकाच घराकडे कारखाना असतो, पतसंस्था असते, दूध संघ असतो, शिक्षणसंस्था असते आणि आमदारकी किंवा तिची उमेदवारी असते. या संस्थांनी दुष्काळी माणसाला उभे केले, पोरांना शिकवले, हे खरेच आहे आणि ते कृतज्ञतेने मान्य करायला हवे. पण त्याच घराविषयी किंवा त्या घराच्या माणसाविषयी एखाद्या बाईने तोंड उघडायचे ठरवले, की तिच्या नवऱ्याचा ऊस वेळेवर तोडायचा असतो, दिराची संस्थेतली नोकरी अजून कायम झालेली नसते, सासऱ्याचे कर्ज नवे-जुने करायचे असते. धमकी द्यावीच लागत नाही. भावकीतलेच चार शहाणे लोक येऊन सांगतात, ‘मिटवून घ्या, पोरीचं लग्न व्हायचंय, मोठ्या माणसाच्या नादी लागू नये.’ ठाण्यात गेले तर हवालदारही तेच सांगतो. तक्रार नोंदवून घेणारा, तिची चौकशी करणारा, तिच्यावर बोलणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, हे सगळे एकाच मांडवात जेवायला बसतात. फलटणमध्ये तर तक्रार पोलिसांविरुद्धच होती, आणि ती पोलिसांकडेच करावी लागली.

म्हणूनच कुरळपची आठवण करून दिली पाहिजे. सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातल्या या गावात एका आश्रमशाळेच्या संस्थापकाने वसतिगृहातल्या अल्पवयीन मुलींवर अत्याचार चालवले होते. मुली गरिबांच्या, घरापासून दूर राहिलेल्या. संस्थाचालक म्हणजे त्यांचे छप्परही आणि जेवणही. २०१८ मध्ये पोलिसांच्या हाती एक निनावी पत्र पडले. त्यावर ना सही होती ना नाव. ते केराच्या टोपलीत टाकायला कोणतेही कारण पुरले असते. पण पोलिसांनी ते पत्र खरे धरून पाहिले, मुलींना विश्वासात घेतले, गुन्हा दाखल केला, संस्थापकाला बेड्या घातल्या. पुढे इस्लामपूरच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. साताऱ्याच्या शेजारच्याच जिल्ह्यातले हे उदाहरण आहे. कायदा तोच, वर्दी तीच, खातेही तेच. तिथे बिनसहीच्या पत्रावर हललेली यंत्रणा फलटणमध्ये सहीच्या अर्जावर हलली नाही, कारण पत्र हातात घेणारी माणसे वेगळी होती. शोषितेचे नशीब असे ठाण्यातल्या माणसावर अवलंबून राहणे, हीच या व्यवस्थेची खरी नामुष्की आहे.

आणि सांगलीच्या वर्दीनेही दुसरे रूप दाखवलेले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यात मारहाणीत एका तरुणाचा जीव गेला. तो पळून गेला, असे आधी सांगण्यात आले. प्रत्यक्षात त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता. त्या वेळी सांगलीकर रस्त्यावर आले, शहर बंद पडले, तेव्हा कुठे खरे बाहेर आले. ठाण्याच्या चार भिंतींत काय घडू शकते याचे प्रत्यंतर २०१७ मध्येच मिळालेले असताना, पोलिसाविरुद्धचा अर्ज पोलिसाकडेच पडून राहावा यात आश्चर्य वाटू नये, पण चीड वाटलीच पाहिजे.

फलटणच्या मृत्यूनंतर जे झाले त्यानेही विश्वास वाढला नाही. २६ ऑक्टोबरला मुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस फलटणला विकासकामांच्या कार्यक्रमासाठी आले. माजी खासदार रणजितसिंह नाईक निंबाळकर यांच्यावर या प्रकरणावरून विरोधक आरोप करत होते आणि ते स्वतः ते ठामपणे नाकारत होते. मुख्यमंत्र्यांनी व्यासपीठावरूनच सांगितले की त्यांचे नाव विनाकारण गोवले जात आहे. जराही शंका असती तर आपण आलोच नसतो, असेही ते म्हणाले. नाईक निंबाळकर निर्दोष असतील तर ते तपासातून स्वच्छ दिसावे, हा त्यांचाही हक्क आहे. विरोधकांनी भाषणातून त्यांना दोषी ठरवणे जितके चूक, तितकेच राज्याच्या गृहखात्याच्या प्रमुखाने, मृत्यूला तीन दिवस झालेले असताना, भाषणातून कुणालाही निर्दोष ठरवणे चूक. ज्या पोलिसांनी तपास करायचा ते याच गृहमंत्र्यांच्या हाताखालचे आहेत. त्यानंतर राज्य महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्ष रूपाली चाकणकर यांनी पत्रकारांपुढे मृत डॉक्टरच्या फोन-संभाषणांचे तपशील मांडले. उत्तर द्यायला जी हयात नाही, तिच्या खासगी आयुष्याची उजळणी तिच्या बाजूने उभे राहण्यासाठी स्थापन झालेल्या आयोगाने करावी, हे पाहून किती मुलींनी मनातली तक्रार मनातच पुरली असेल! सरकारने पुढे तेजस्वी सातपुते या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले, ते योग्य झाले. ते पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते.

पहिला अर्ज दाबला गेला की काय होते याचे जगातले सर्वांत भयंकर उदाहरण अमेरिकेतल्या जेफ्री एपस्टाइनचे आहे. १९९६ मध्ये एका तरुण चित्रकार स्त्रीने त्याच्याविरुद्ध एफबीआयकडे तक्रार केली होती. २००८ मध्ये फ्लोरिडात महागड्या वकिलांच्या बळावर त्याने नाममात्र शिक्षेवर सुटका करून घेतली. त्याच्यावर केंद्रीय पातळीवर गंभीर गुन्ह्याखाली कारवाई झाली ती २०१९ मध्ये, आणि त्याच वर्षी तो कोठडीत मेला. मधल्या तेवीस वर्षांत किती मुली त्याच्या घरात नेल्या गेल्या! फलटणची घटना घडल्यापासून आठवड्याभरात, ३० ऑक्टोबरला, ब्रिटनच्या राजाने एपस्टाइनशी असलेल्या संबंधांवरून स्वतःच्या भावाचे, अँड्र्यूचे, राजपुत्रपद काढून घेतले. अँड्र्यू यांनी आरोप नेहमीच नाकारले आहेत. पण राजघराण्यालाही लोकांच्या रेट्यापुढे हे करावे लागले. उशिरा झाले, तरी झाले.

इतके लांब जायचे कारण नाही. शेजारच्या कर्नाटकात माजी पंतप्रधान देवेगौडा यांचा नातू, खासदार राहिलेला प्रज्वल रेवण्णा, घरकामाला असलेल्या एका स्त्रीवरील बलात्काराबद्दल ऑगस्ट २०२५ मध्ये जन्मठेपेवर गेला. प्रकरण उघड झाले एप्रिल २०२४ मध्ये. सव्वा वर्षात विशेष पथकाने पुरावे जमवले, विशेष न्यायालयाने खटला चालवला आणि निकाल दिला. मोलकरणीचा शब्द माजी पंतप्रधानांच्या घरापुढे टिकला, कारण तो शब्द वेळेवर लिहून घेतला गेला आणि साक्षीदार सांभाळले गेले. हे आपल्याकडे होत नाही असे नाही. करायचे ठरवावे लागते.

संतापाचे दुसरे एक रूप आहे, त्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. असा प्रसंग आला की ‘चौरंग करा’, ‘चौकात गोळ्या घाला’ अशी हाक उठते. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये चिमुरड्यांवरील अत्याचाराचा गुन्हा नोंदवून घ्यायला पोलिसांनी तासन्‌तास लावले, लोकांनी रेल्वे रोखली. आणि सुमारे महिन्याभराने आरोपी सफाई कामगार पोलिसांच्या गाडीतच गोळीने मारला गेला. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने नंतर त्या मृत्यूला पोलिसांना जबाबदार धरले. तक्रार घ्यायला झालेल्या उशिराचा जाब त्या गोळीबरोबर मागे पडला. गोळी लागते ती नेहमी दुबळ्या आरोपीला. मोठ्या आरोपीसाठी वकील असतात. ‘चौरंग करा’ म्हणणारे ज्याचा दाखला देतात त्या रांझ्याच्या पाटलाची गोष्ट सांगताना आपण त्याचे हातपाय तोडल्याचेच सांगतो. शिवाजी महाराजांच्या १६४६ च्या त्या पत्रात पाटिलकी काढून घेतल्याचीही नोंद आहे. ज्या अधिकाराच्या जोरावर त्याने बदअंमल केला तो अधिकारच महाराजांनी काढला. आजच्या लोकशाहीत हातपाय तोडायचे नाहीत. पण तक्रार येताच त्या माणसाच्या हातातला अधिकार काढायला कोणता कायदा आड येतो?

कायदे आहेत. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना सोडले, देशभरातल्या स्त्रिया पेटून उठल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. वर्दीतल्या माणसाने केलेला बलात्कार हा अधिक गंभीर गुन्हा ठरला. लैंगिक अत्याचाराची तक्रार नोंदवून न घेणाऱ्या अधिकाऱ्यालाच तुरुंगात पाठवण्याचे कलमही आता आहे. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असलीच पाहिजे असे तो सांगतो. सातारा-सांगलीतल्या किती परिचारिकांना, आशा सेविकांना, कारखान्याच्या कार्यालयात बसणाऱ्या मुलींना त्या समितीचा पत्ता ठाऊक आहे? पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीवरही प्राधिकरण असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले होते. महाराष्ट्राने २०१४ च्या कायद्यात राज्य आणि विभाग इथपर्यंतच सोय केली, जिल्हा गाळला. फलटणच्या मुलीने न्यायासाठी पुणे गाठावे, ही अपेक्षा कायद्यानेच लिहून ठेवली.

ज्या मातीत हे घडते आहे तिला वेगळे काही आठवते. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हाच्या साताऱ्यातच होता. १९४३ ते ४६ या काळात येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांच्या प्रतिसरकारने इथल्या खेड्यांत न्यायदान मंडळे चालवली. सावकार, गावगुंड, बायकांना त्रास देणारे यांच्याविरुद्ध गावकरी उघडपणे उभे राहून बोलले. त्यांच्या शिक्षांच्या पद्धतीचे आज समर्थन करता येणार नाही. पण गाऱ्हाणे मांडायला गावातच जागा आहे आणि ते ऐकणाऱ्याला गावातल्या मोठ्या घराची भीती नाही, हा भरवसा सामान्य माणसाला तेव्हा मिळाला होता. इंग्रजांची बंदूक समोर असताना जे जमले ते आज जमत नाही, असे म्हणायला आम्ही तयार नाही.

पोलिसांविरुद्ध आलेली कोणतीही तक्रार त्याच तालुक्यातल्या पोलिसांनी तपासू नये, ती चोवीस तासांत जिल्ह्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडे जावी. आरोग्य खात्याने तपासणीसाठी आणलेल्या आरोपींबाबत डॉक्टरला येणारा प्रत्येक दबाव नोंदवण्याची सोय करावी, आणि त्या नोंदी न्यायालयाने पाहाव्यात. जिल्हाधिकाऱ्यांनी स्थानिक समितीच्या सदस्यांची नावे आणि दूरध्वनी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या, कारखान्याच्या, शाळेच्या फलकावर लावावेत. आणि वाचकांना एवढेच मागणे आहे: तुमच्या दारात एखादी मुलगी तक्रार घेऊन आली तर मिटवून घ्यायला सांगू नका. तिच्यासोबत ठाण्यात जा, अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या, आणि आठ दिवसांनी पुन्हा जाऊन काय केले ते विचारा.

फलटणच्या त्या जूनमधल्या अर्जावर कोणी, कोणत्या तारखेला, काय शेरा मारला आणि तो कुणाच्या टेबलावर थांबला, हे सरकारने जनतेपुढे ठेवायला हवे. ते विधिमंडळात, अधिकाऱ्यांच्या नावांसह आणि तारखांसह सांगितले जावे, आणि ज्यांनी तो दाबला त्यांच्यावरही खटला भरला जावा.